आजचे सुपरहिरो कॉमिक्सचे लेखक खरंच कमी पडतात का?

प्रश्न असा आला आहे: "मी शाळेपासून स्पायडर-मॅन आणि एक्स-मेन वाचतोय. आमच्या मित्रांमध्ये दर महिन्याला एकच भांडण होतं. निम्मे म्हणतात, आताच्या लेखकांना लिहिता येत नाही. सहा अंक झाले तरी कथा जागची हलत नाही, सगळी पात्रं एकसारखी बोलतात, कुणी मेलं तरी कुणाला काही वाटत नाही. बाकीचे म्हणतात, हे नुसतं 'आमच्या वेळी असं नव्हतं' आहे. तुम्ही या क्षेत्रात काम करता. तुम्हाला काय वाटतं?"

मी इंग्रजी कॉमिक्सचं लेटरिंग करते आणि अधूनमधून स्क्रिप्टचं संपादनही. संवादाचे फुगे, कॅप्शनच्या चौकटी, ठोसा बसल्यावर उमटणारी मोठी अक्षरं पानावर बसवणं हे लेटररचं काम. चित्र पूर्ण झालं की पान आमच्याकडे येतं. रंग बऱ्याचदा त्याच वेळी दुसरीकडे चाललेले असतात. स्क्रिप्ट एका बाजूला उघडी असते आणि चित्र दुसऱ्या बाजूला. लेखकानं काय मागितलं होतं, चित्रात काय उतरलं आणि शेवटच्या दिवशी संपादकानं काय बदलायला लावलं, हे सगळं मला एकाच जागी बसून दिसतं. वाचकाला यातलं फक्त शेवटचं पान दिसतं आणि त्यावर नाव लेखकाचं असतं. त्यामुळे शिव्याही त्यालाच बसतात.

माझं मत आधीच सांगते. लेखकांची जात बिघडलेली नाही, अंकाची बांधणी बिघडली आहे. महिन्याचा एक सुटा अंक हातात घेतला आणि त्यात काहीतरी सुरू होऊन काहीतरी मिटलं, हे समाधान दुर्मीळ झालं आहे. तुमच्या मित्रांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे. आणि ज्या आधुनिक लेखकांनी अंक सांभाळला, ते जुन्या कुणाहीपेक्षा कमी नाहीत.

१९६६ मधले 'फँटॅस्टिक फोर'चे ४८, ४९ आणि ५० हे अंक घ्या. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बीची ही गॅलॅक्टसची कथा. ग्रह गिळणारा एक महाकाय पृथ्वीवर येतो, त्याचा दूत सिल्व्हर सर्फर त्याच्यावर उलटतो आणि जग वाचतं. जुन्या काळाची थोरवी सांगताना सगळे याच कथेचं नाव घेतात, पण त्यात पानांची वाटणी कशी केली आहे हे फार कुणी बघत नाही. अंक ४८ गॅलॅक्टसपासून सुरू होतच नाही. आधी इनह्युमन्स या दुसऱ्याच गटाची मागची कथा संपवावी लागते आणि त्यात बरीच पानं जातात. अंक ५० मध्ये गॅलॅक्टस निम्म्यावरच निघून जातो आणि उरलेल्या पानांत जॉनी स्टॉर्म कॉलेजात दाखल होतो. विश्वाच्या अंताची कथा तीन अंकांमध्येही पूर्ण पसरलेली नाही. तेव्हा अंकाची किंमत होती १२ सेंट.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण वादात ती हटकून चुकीची येते. लोक म्हणतात, "आता पानंच कमी असतात, लेखक तरी काय करणार?" १९६६ च्या त्या अंकांमध्येही कथेची पानं २० च होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्व्हलचा अंक १७ पानांवर आला होता. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्नची एक्स-मेनमधली डार्क फीनिक्सची कथा, जिची आजही पारायणं होतात, ती बरीचशी त्याच आखूड अंकांमध्ये उभी राहिली. पुढे पानं २२ झाली आणि २०११ च्या सुमारास पुन्हा २० वर आली. आज त्या २० पानांसाठी ३.९९ किंवा ४.९९ डॉलर मोजावे लागतात. महागाई धरली तरी ही वाढ मोठी आहे, आणि वाचकाचा राग त्यामुळे अधिक धारदार होतो. पण पानं कमी झाली म्हणून कथा पातळ झाली, हे गणित जमत नाही. प्रत्येक पानात काय भरतो, ते बदललं.

बदल कुठून आला तेही बघू. 'अमेझिंग फँटसी' अंक १५, साल १९६२. स्पायडर-मॅनची पहिली कथा ११ पानांची आहे. कोळी चावतो, पीटर कुस्तीच्या रिंगणात उतरतो, टीव्हीवर झळकतो, चोराला जाऊ देतो, बेनकाका मारले जातात, पीटर खुन्याला पकडतो आणि हा तोच चोर आहे हे त्याला कळतं. सगळं ११ पानांत. २००० साली लेखक ब्रायन मायकल बेंडिस आणि चित्रकार मार्क बॅग्लीनं 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये हीच कथा नव्यानं सांगितली, तेव्हा बेनकाका जाईपर्यंत चौथा अंक उजाडतो. नेमका याच वेळी दुकानांत संग्रहांचा, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकांचा, बाजार वाढत होता. सहा अंक, एक कथा, एक पुस्तक, असा साचा बसला. लेखक पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून लिहायला लागले आणि अंक हा त्या पुस्तकाचा कापलेला तुकडा झाला.

मी बेंडिसच्या त्या कामाच्या बाजूनं आहे. १९६२ मध्ये बेनकाका हे फक्त मरायला आलेलं पात्र होतं. २००० मध्ये आपण त्यांना जेवणाच्या टेबलावर चिडताना, पोराला समजावताना, त्याच्या शाळेत खेटे घालताना बघतो, आणि म्हणून चौथ्या अंकात खरंच आतून तुटतं. त्या जोडीनं सलग १११ अंक केले आणि ली-कर्बी यांचा १०२ अंकांचा विक्रम मागे टाकला; कंटाळवाण्या लिखाणाला वाचक इतकी वर्षं धरून ठेवत नाही. बिनसलं ते नंतर. बेंडिसनं वेळ कशासाठी घेतला हे न बघता पुढच्या अनेकांनी फक्त वेळ घेतला. दोन पानं कॉफीच्या दुकानात बोलणं, एक पान खिडकीबाहेर बघणं, मग दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र, आणि शेवटच्या पानावर दारात उभा असलेला कुणीतरी. अंक संपला.

संथपणा हा मुळात दोष नाही, हे पटायला 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा अंक ३३ उघडा. हाही १९६६ चाच, स्टीव्ह डिट्कोचा. तोपर्यंत कथेची आखणी डिट्को स्वतःच करत होता. डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडर-मॅन एका अजस्र यंत्राखाली अडकलेला आहे. मे काकूला वाचवणारं औषध समोर पडलंय, पण हात पोचत नाही. वरून पाणी गळतंय. काही पानं फक्त एवढंच घडतं: तो उचलायचा प्रयत्न करतो, हरतो, काकाची आठवण येते, पुन्हा प्रयत्न करतो. पॅनल, म्हणजे चित्रांच्या चौकटी, बघा. आधी ती अरुंद आहेत, त्याच्या अंगावर दाटल्यासारखी. यंत्र हलायला लागतं तशी ती पानागणिक मोठी होत जातात, आणि शेवटी एक संपूर्ण पान, ज्यात तो ते ओझं उचलून उभा राहतो. आजच्या भाषेत हे शुद्ध 'डीकंप्रेशन' आहे, म्हणजे थोडी घटना बऱ्याच पानांवर पसरणं. पण त्याआधीचे दोन अंक डिट्कोनं मे काकूचं आजारपण आणि औषधाची धावपळ रंगवण्यात घालवले होते, म्हणून ही संथ पानं वाचकाला जड जात नाहीत. आणि तो यंत्राखालून निघाला म्हणून अंक संपत नाही. अजून मारामारी बाकी असते, औषध हॉस्पिटलात पोचायचं असतं, आणि ते पोचतं.

आता माझ्या टेबलावरून दिसणारी गोष्ट. जुना एक हिशोब आहे, डीसीचे संपादक मॉर्ट वाइझिंगर यांचा म्हणून 'वॉचमेन'चा लेखक अॅलन मूरनं सांगितलेला: पानावर सहा पॅनल, प्रत्येक पॅनलमध्ये फार तर ३५ शब्द, म्हणजे पानाला २१० च्या वर जायचं नाही. क्लेअरमाँट या मर्यादेवर कायम टेकलेला असायचा आणि बरेचदा ओलांडायचा. १९७५ ते १९९१ त्यानं एक्स-मेन लिहिलं, आणि त्यातला मोठा भाग टॉम ऑर्झेकॉव्स्कीनं हातानं, शाईच्या पेनानं अक्षरांकित केला. ती पानं मी शिकायच्या दिवसांत भिंग लावून बघितली आहेत. एवढा मजकूर, आणि तरी नजर कुठे अडखळत नाही. फुगे चित्राच्या मोकळ्या जागेतून डावीकडून उजवीकडे वाचकाला हात धरून नेतात. आज माझ्याकडे येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पानाला ६०-७० शब्द असणं सर्रास झालं आहे. काही पानांवर एकही नसतो.

कमी शब्द म्हणजे वाईट लेखन, असं मी अजिबात म्हणत नाही. क्लेअरमाँटची कितीतरी कॅप्शन चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगतात, आणि ती आज वाचताना दमछाक होते. पण शब्द कमी केले की तो भार चित्रानं उचलायला हवा, आणि चित्रकाराला तेवढा वेळ हवा. महिन्याला २० पानं म्हणजे कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी एक पान. त्यात मार्व्हल आणि डीसीनं गेल्या दशकात अनेक मालिका महिन्यातून दोनदा काढल्या. २०१६ मध्ये नव्यानं सुरू झालेला टॉम किंगचा 'बॅटमॅन' असाच पंधरवड्याला यायचा. एका चित्रकाराला ते शक्यच नाही, म्हणून चित्रकार आलटून पालटून येतात आणि पात्राचा चेहरा, चालणं, खोलीची मांडणी दर अंकाला बदलते. वाचकाला वाटतं, लेखकाला पात्र कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट हरवली, तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं: विचारांचे फुगे. ढगासारखे, खाली छोटे छोटे गोल असलेले. २००० नंतर मार्व्हल-डीसीमध्ये ते जवळजवळ बाद झाले. पोरकट दिसतात, असा समज होता. त्यांच्या जागी नायकाच्या मनातलं सांगणाऱ्या रंगीत चौकटी आल्या. पण चौकटीतून एका अंकात एक, फार तर दोन माणसं बोलू शकतात. त्याहून जास्त झाली की कुठला रंग कुणाचा हेच वाचकाला कळत नाही. ढगाच्या फुग्यात कुणीही, कुठल्याही क्षणी विचार करू शकायचं. घरमालकीण, पोलीस शिपाई, खुद्द खलनायकाचा गुंड. एका पॅनलमध्ये ओरोरो, म्हणजे स्टॉर्म, एक बोलते आहे, मनात दुसरंच आहे आणि शेजारी उभा वुल्व्हरिन तिसराच विचार करतोय, हे क्लेअरमाँटच्या माणसांनी भरलेल्या एक्स-मेनचं बळ होतं. आज टीमची पुस्तकं थंड वाटतात, याचं एक कारण मला इथे दिसतं.

आता संपादकांबद्दल. चाहत्यांच्या भांडणात संपादक एक तर अदृश्य असतो नाही तर राक्षस. डार्क फीनिक्सच्या कथेचा मूळ शेवट वेगळा होता. एक्स-मेनमधल्या जीन ग्रेची, म्हणजेच फीनिक्सची, शक्ती काढून घेतली जाते आणि ती जिवंत राहते, असा शेवट क्लेअरमाँट आणि बर्ननं केलेला होता. तेव्हाचा मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला: तिनं अब्जावधी जीव असलेला एक अख्खा ग्रह जाळला आहे, ती इतक्यावर सुटू शकत नाही. शेवट बदलला, जीन मेली, आणि १९८० चा एक्स-मेनचा अंक १३७ अजरामर झाला. मूळ शेवट मार्व्हलनं १९८४ मध्ये स्वतंत्र छापला, तोही वाचा. शूटर बरोबर होता हे वाचताच पटतं. पण पुढे काही वर्षांतच, 'एक्स-फॅक्टर' ही नवी मालिका उभी करायची म्हणून मार्व्हलनं जीनला परत आणलं आणि त्या मरणाचं वजन स्वतःच्या हातानं कमी केलं. त्या काळाला सोन्याचे दिवस म्हणताना या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीनं, एकाच मुख्य संपादकाच्या कारकिर्दीत केल्या, हे लक्षात असू द्या.

२००७ मध्ये पीटर पार्कर आणि मेरी जेनचं लग्न पुसून टाकलं गेलं. १९८७ पासूनचा संसार, एका सैतानाशी सौदा करून, जणू कधी झालाच नव्हता असा नाहीसा. 'वन मोअर डे' ही ती कथा. नाव लेखक स्ट्रॅझिन्स्कीचं होतं, पण निर्णय वरून आलेला होता, आणि शेवटच्या अंकांवरून आपलं नाव काढावं असं त्याला वाटत होतं हे त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. आजही लोक त्या कथेसाठी त्याला बोल लावतात. २०२३ मध्ये कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, मारली गेली ती स्वतःच्या मालिकेत नाही तर 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या अंक २६ मध्ये, जिथे ती पाहुणी होती. काही महिन्यांत ती म्यूटंट, म्हणजे एक्स-मेनसारखी जन्मजात शक्तीची, होऊन एक्स-मेनमध्ये परतली. टीव्ही मालिकेत ती आदल्याच वर्षी म्यूटंट झालेली होती. अशा मरणावर रडायचं तरी कसं? वाचकाचा राग इथे शंभर टक्के रास्त आहे. फक्त तो योग्य दारात जायला हवा.

हे छोट्या प्रमाणात कसं घडतं ते सांगते. एका प्रकाशनाच्या मालिकेत एक पान होतं, आई आणि तिचा वीर मुलगा स्वयंपाकघरात. तीन पॅनल, एकही शब्द नाही. ती ओट्यापाशी उभी, तो दारात, मधे खिडकीतून पडलेला उजेड. चित्रकारानं त्या खिडकीवर जीव ओतला होता. छपाईला जायच्या आदल्या दिवशी निरोप आला की पुढच्या महिन्यात क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांत पसरलेली एकच कथा, सुरू होतोय आणि वाचकाला त्याची पार्श्वभूमी कळायला हवी. चार फुगे आले. मी ते बसवले, कारण ते माझं काम आहे, आणि खिडकी त्यांच्याखाली गेली. अंक बाहेर आल्यावर एका परीक्षणात लिहिलेलं वाचलं की लेखकाला शांतता लिहिताच येत नाही, त्याची पात्रं बातम्या वाचल्यासारखी बोलतात.

मग लेखकाचा दोष कुठेच नाही का? आहे, आणि तुमच्या मित्रांचा त्यातला एक आरोप मला पूर्ण मान्य आहे: सगळी पात्रं एकसारखी बोलतात. घरच्या घरी तपासता येईल. फुग्याला जी शेपटी असते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाणारी, ती बोटानं झाका आणि फक्त मजकूर वाचा. कोण बोलतंय ते ओळखता येतं का? जुन्या फँटॅस्टिक फोरमध्ये बेन ग्रिम एका शब्दात ओळखू येतो, रीड रिचर्ड्स एका वाक्यात. आजच्या बऱ्याच अंकांत देव, चोर, शास्त्रज्ञ आणि सोळा वर्षांची पोरगी सगळे एकाच हजरजबाबी सुरात बोलतात. अर्धं वाक्य, थांबा, प्रतिप्रश्न, टोला. बेंडिसच्या हातात ही लकब पीटरसारख्या बडबड्या पोराला शोभली. मग ती सगळ्यांना लागली, आणि सिनेमांनी तिला आणखी पसरवलं. याला संपादक जबाबदार नाही, पानसंख्या जबाबदार नाही. हा लेखकाचा आळस आहे आणि त्याला तसंच म्हणावं.

"हल्ली राजकारण घुसवतात" हा आरोप मात्र मला टिकत नाही असं वाटतं. कॅप्टन अमेरिकानं पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती. प्रश्न असतो तो पात्र आतून लिहिलंय की बाहेरून, याचा. आपल्याला जवळचं उदाहरण देते. २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन: इंडिया' आलं, चार अंक, जीवन कांगची चित्रं. धोतर नेसलेला स्पायडर-मॅन मुंबईच्या इमारतींवरून झेप घेतोय हे बघून अंगावर काटा आला होता, आणि ती चित्रं आजही देखणी आहेत. पण कथा मूळ स्पायडर-मॅनचीच, प्रसंगाला प्रसंग लावलेली. काका, काकू, मैत्रीण, खलनायक सगळे आपापल्या जागी, फक्त नावं आणि कपडे इथले. नायक पवित्र प्रभाकरला मुंबईत आलेल्या गावाकडच्या पोराची स्वतःची अशी एकही अडचण नाही. आता २०१४ च्या 'मिस मार्व्हल'चा पहिला अंक बघा. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. जर्सी सिटीतली कमला दुकानात उभी राहून जे खायची मुभा नाही त्या बेकनचा नुसता वास घेते आहे. अंक संपताना तिला शक्ती मिळते आणि ती होते कोण? सोनेरी केसांची, उंच, गोरी, जुन्या पोशाखातली मिस मार्व्हल, कारण आपण अशाच असायला हवं होतं असं तिला आतून वाटत असतं. एका अंकात ती मुलगी, तिचं घर, तिची लाज आणि तिची हौस, सगळं उभं राहतं. भाषण कुठेच नाही. पहिल्या संग्रहाला विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

अंक सांभाळणाऱ्या लेखकांपैकी आणखी दोन नावं सांगते. लेखक अल यूइंग आणि चित्रकार जो बेनेटचा 'इमॉर्टल हल्क', २०१८ ते २०२१, पन्नास अंक. पहिला अंक एकटा वाचला तरी पुरतो. रात्री पेट्रोल पंपावर एक घाबरलेला पोरगा दरोडा घालतो आणि त्याच्या हातून तिघं मारले जातात. एक बारा वर्षांची मुलगी, आणि ब्रूस बॅनरसुद्धा. बॅनरचं प्रेत शवागारात आहे. रात्र होते. बाकी कळतंच. हल्क त्या पोरासमोर येऊन उभा राहतो ती पानं मी लेटररच्या नजरेनं कितीदा तरी बघितली आहेत. लेटरर कोरी पेटिटनं हल्कच्या बोलण्याला जी जागा दिली आहे, त्यामुळे त्याचा आवाज हळू आणि जवळून येतो. भीती त्या हळू आवाजाचीच वाटते. एक गुन्हा, एक रात्र, एक निवाडा, सगळं एका अंकात, आणि पन्नास अंकांचं बीही त्यातच पेरलेलं.

दुसरं, लेखक टॉम किंग आणि चित्रकार मिच गेराड्सचं 'मिस्टर मिरॅकल', २०१७-१८, बारा अंक. जवळजवळ सगळी पानं नऊ समान पॅनलांची. त्यात मधेच एखादं पॅनल काळं होतं आणि फक्त दोन शब्द: "डार्कसाइड इज". ओळीत आपण एक क्षण पुढे सरकतो आणि अंधार येतो, पुन्हा पुढे, पुन्हा अंधार. नैराश्य असंच येतं, कामाच्या, हसण्याच्या, जेवणाच्या मधे. कुठल्याही फुग्यात ते सांगावं लागत नाही. नऊ पॅनलांचं पान 'वॉचमेन'नं १९८६ मध्ये गाजवलं हे खरं, पण किंगनं त्याचा वेगळा उपयोग केला. हाच किंग 'हीरोज इन क्रायसिस'मध्ये मला अजिबात पटला नाही. त्यात जखमी मनांबद्दलची कथा होती, पण इव्हेंटच्या गरजेनं एका प्रेमळ पात्राला खुनी ठरवलं गेलं, आणि अंकांमागून अंक नुसतं कोडं ताणलं. लेखक तोच. म्हणून म्हणते, 'अमुक लेखक भारी, तमुक भिकार' अशी यादी करून हाती फार काही लागत नाही.

एका कारणाबद्दल चाहते फारसे बोलत नाहीत, ते म्हणजे पैसा. या पात्रांसाठी लिहिलेलं सगळं कंपनीचं होतं. सीगल आणि शुस्टरनं १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले, ही गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे. १९९२ मध्ये इमेज कॉमिक्स सुरू झालं, जिथे हक्क निर्मात्यांकडेच राहतात, तेव्हापासून हुशार लेखकाला दुसरी वाट आहे. तो मार्व्हल-डीसीत नाव कमावतो आणि सर्वांत चांगली कल्पना स्वतःच्या पुस्तकासाठी राखून ठेवतो. ब्रायन के. व्हॉननं 'सागा' इमेजकडे केलं. जेम्स टायनियननं २०२१ मध्ये चालता 'बॅटमॅन' सोडला आणि स्वतःच्या कामाकडे वळला. क्लेअरमाँटसारखी सोळा वर्षं एकाच पुस्तकावर कोण घालवेल, आणि कशासाठी? त्यात कंपनीही दर थोड्या वर्षांनी मालिका बंद करून नवा अंक १ काढते, कारण एक नंबरच्या अंकाची मागणी दुकानदार जास्त नोंदवतात. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ मध्ये पुन्हा एकपासून सुरू झालं. लेखकाचं आणि पात्राचं नातं मुरायच्या आत फेरी संपते.

आता तुमच्या मित्रांना काय सांगाल? एक, भांडायचं तर एक ठरावीक अंक समोर ठेवून भांडा. अख्खा काळ विरुद्ध अख्खा काळ हे भांडण कधी संपत नाही, कारण जुन्यातलं आपण निवडक वाचतो आणि नव्यातलं सरसकट. सत्तरच्या दशकातले सुमार अंक कुणी पुन्हा छापत नाही. दुसरं, आपल्यापैकी बहुतेक जण संग्रह किंवा ॲपवर सलग वाचतात. सहा अंक एका बैठकीत वाचले तर जे ओघवतं वाटतं, तेच महिन्याला एक असं वाचणाऱ्याला उपाशी ठेवतं. तुमच्यातले दोन गट कदाचित दोन वेगळ्या पद्धतीनं वाचत असतील. आधी तेवढं एकमेकांना विचारा.

आणि एखादी मालिका आवडली नाही तर ती घेणं बंद करा, लेखकाला धमक्या देऊ नका. 'सुपीरियर स्पायडर-मॅन'च्या वेळी त्याचा लेखक डॅन स्लॉटला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. नंतर ती मालिका अनेकांची लाडकी झाली. अमेरिकेतली दुकानं अंक महिने आधी मागवतात आणि न खपलेले बहुधा परत करता येत नाहीत, त्यामुळे मागणी घटली की प्रकाशकाला ते लगेच जाणवतं. वाढली की तेही जाणवतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटानं 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' आणलं, ज्यात ब्रूस वेनकडे इस्टेट नाही, वाडा नाही, आणि आई जिवंत आहे. त्याच्या पहिल्या अंकाच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. त्याच वर्षी जानेवारीत जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेटोचं नवं 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' सुरू झालं. त्यातला पीटर पस्तिशीचा आहे. बेनकाका हयात आहेत. कोळी त्याला अपघातानं चावत नाही, तो स्वतः ठरवून चावू देतो. आणि घरी मेरी जेन आहे, दोन मुलं आहेत. २००७ मध्ये जो संसार पुसला होता तोच, आणि दुकानदारांना त्याचे अंक पुरत नव्हते.